न खणलेली खोली

काका मोकळ्या माळावरसुद्धा दारातूनच आत जायचे. तिथे दार नव्हतं की भिंत नव्हती. होती ती घोट्याएवढ्या उंचीवर लाकडी खुंट्यांना ताणून बांधलेली पांढरी दोरी, आणि त्या दोरीत जागोजागी सोडलेली, माणूस जाईल एवढी फट. कुणी दोरी ओलांडून पलीकडे गेलं की काका हातातली पिवळी छत्री वर करून म्हणायचे, "भिंत." एवढंच. मग चुकणाऱ्याने मागे फिरायचं, वळसा घालून त्या फटीपाशी जायचं आणि रीतसर आत यायचं. यातून कुणाची सुटका नव्हती. गवत कापायला येणारा एक धिप्पाड अमेरिकन गडी होता, त्यालाही त्यांनी यंत्रासकट परत फिरवलं होतं. तो पुढच्या वेळेपासून निमूट दारातून यायला लागला. मोठ्या आवाजाने न बोलता माणसं कशी वळवायची हे काकांकडून शिकावं.

मी नागपूरहून पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी एम.एस. करायला आले ती जानेवारीत. त्या गावातली घरभाड्याची सगळी गाडी ऑगस्टला सुटते, त्यामुळे जानेवारीत येणाऱ्याला कुणी विचारत नाही. शेवटी सीनियर्सनी काकांचा नंबर दिला. कॅम्पसच्या बसचा शेवटचा स्टॉप, तिथून पुढे पंधरा मिनिटं चालत, आणि मग शेताडीच्या कडेला त्यांचं घर. बेसमेंटमध्ये आधीच मुंबईची एक मुलगी राहत होती. तिने पहिल्याच दिवशी मला सगळं समजावून सांगितलं. "यार, भाडं कमी आहे, हीटिंग मस्त चालतं. फक्त संडेला दहाची टूर बुडवायची नाही. बाकी दोरीवाले काका हार्मलेस आहेत."

कसली टूर, तर रोमन घराची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या.

काकांचं सांगायचं तर ते औरंगाबादहून पुरातत्त्व शिकायला अमेरिकेत आले आणि एका प्राध्यापकांच्या हाताखाली नकाशे काढणारे म्हणून राहिले ते राहिलेच. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर एका छोट्या रोमन गावातलं एक घर त्या प्राध्यापकांनी चौदा उन्हाळे खणलं. त्या घराची इंच न् इंच मापं काकांनी घेतली. काकू त्यांच्याबरोबर जायच्या आणि खापऱ्या धुवायच्या. खोदकाम संपल्यावर काका दर उन्हाळ्यात अमेरिकन पेन्शनरांना तिकडचे रोमन अवशेष दाखवायला घेऊन जाऊ लागले. ती पिवळी छत्री तेव्हाची, गर्दीत लोकांना दिसावी म्हणून. मग काकूंना विसर पडायला लागला आणि सहली बंद झाल्या. त्याच वर्षी काकांनी घरामागच्या तीन एकरांत ते घर आखलं. कमी नाही, जास्त नाही, होतं तेवढंच.

"हे रस्त्यावरचं दुकान," काका सांगायचे. "इथे मासळीचं लोणचं मिळायचं. चार महिने उन्हात कुजवलेलं. नाक धरा." आणि आम्ही दोघी एम.एस. करणाऱ्या घोड्या पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत नाक धरून उभ्या राहायचो. "आता वाका, चौकट ठेंगणी आहे. हे अंगण. मधे पाण्याचं टाकं. तुला पोहता येतं का? नाही ना, मग कडेने चाल." टाक्यापलीकडच्या भिंतीत एक देवळी होती, म्हणजे काका तिथे हवेत बोट दाखवून देवळी आहे असं म्हणायचे. काकू तिथे थांबून हात जोडायच्या. मी पहिल्यांदा आले तेव्हा मला हसू आवरेना. दुसऱ्यांदाही आवरेना.

तिसऱ्या रविवारी बर्फ पडला होता. दोऱ्या, खुंट्या, सगळं दीड फूट गडप. मला वाटलं, आज सुटलो. पण काकू आधीच बूट चढवून तयार होत्या. घरात त्यांना बाथरूम सापडत नसे. तीस वर्षं त्या घरात राहून त्या कोटांच्या कपाटाचं दार उघडून बराच वेळ आत बघत उभ्या राहायच्या. त्या दिवशी मात्र त्या कोऱ्या बर्फावर सर्वांच्या पुढे चालल्या. दुकानातून डावीकडे, चौकटीपाशी वाकून अंगणात, टाक्याच्या कडेने, आणि मग स्वयंपाकघरात. काका मागून खराट्याने बर्फ झाडत होते. काकू जिथे जिथे वळल्या होत्या तिथे तिथे दोरीतली फट निघत होती. एका वितीचाही फरक नाही. मी त्यांच्या पावलांवर पाऊल टाकत चालले होते. मला भीती वाटली, आणि तेव्हापासून मी टूरमध्ये हसले नाही.

"तिला हे घर येतं," काका म्हणाले. "जोवर तिला हे घर येतं तोवर ती हरवलेली नाही."

हे त्यांनी दूर नेपरव्हिलला राहणाऱ्या लेकीला फोनवर शंभरदा सांगितलं असेल. लेकीचं म्हणणं वेगळं होतं. ती आईला स्वतःजवळ न्यायला बघत होती, तिच्या घरापासून दहा मिनिटांवर विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी एक चांगली जागा होती. तिचंही काही चूक नव्हतं.

टूर नेहमी एकाच ठिकाणी संपायची. स्वयंपाकघराच्या मागे एक खोली दोरीने आखलेली होती, पण तिला फट नव्हती. चारी बाजूंनी बंद. आतलं गवत कुणी कापत नसे. "ही खोली आम्ही खणली नाही," काका म्हणायचे. "सगळं आपणच खणायचं नसतं. थोडं पुढच्यांसाठी ठेवायचं. त्यांची हत्यारं चांगली असतील, अक्कलही कदाचित." आत काय असेल असं विचारलं तर चिडायचे. त्यांच्या मोजमापाच्या वह्या मी पाहिल्या आहेत. डाव्या पानावर दिसलं ते लिहायचं, उजव्या पानावर वाटलं ते. उजवं पान कधी छापायला द्यायचं नाही. चौदा उन्हाळ्यांच्या वह्यांमध्ये त्यांची उजवी पानं कोरी होती. या माणसाला कधीच काही वाटलं नाही की काय, असं मी एकदा त्यांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "वाटलं. लिहिलं नाही."

शेजारच्या शेतावरचा एक म्हातारा कुत्रा कधीकधी आमच्या टूरमध्ये सामील व्हायचा. दोऱ्यांचं त्याला काही नव्हतं, खुशाल भिंतींतून यायचा. पण त्या बंद खोलीपाशी आला की थबकायचा. दोरीबाहेर बसून आतल्या गवताकडे बघायचा आणि शेपूट हलवायचा. आपण ओळखीच्या माणसाला बघून हसावं तसा. काकांनी हे डाव्या पानावर लिहून ठेवलं होतं.

एक रीत त्यांनी मला सांगितली ती इथे सांगायला हवी. खणलेली जागा पुन्हा मातीने बुजवताना तळाशी आपल्या काळातली एखादी वस्तू ठेवायची असते. पुढे कुणी पुन्हा खणलं तर त्याला कळावं, की आधीची माणसं इथवर आली होती आणि इथे थांबली होती. कुणी नाणं ठेवतं, कुणी बाटली. शेवटच्या उन्हाळ्यात अंगण बुजवायची वेळ आली तेव्हा काकांच्या खिशात काही नव्हतं. काकूंनी आपल्या लग्नातल्या सहा स्टीलच्या वाट्यांमधली एक काढून दिली. त्यावर टिंबाटिंबांनी त्यांचं नाव, 'मामा-मामींकडून' आणि लग्नाची तारीख कोरलेली. त्या तारखेवरून काका इतकी वर्षं धुसफुसत होते. "पुढच्यांना वाटेल आम्ही त्या वर्षी खणलं. साफ चुकीचं साल. मला नकाशात तळटीप द्यावी लागली, हिच्या लग्नाची." हिचं लग्न जणू दुसऱ्याच कुणाशी झालं होतं.

उरलेल्या पाच वाट्या रोजच्या वापरात होत्या. काकूंची एक जुनी सवय शेवटपर्यंत टिकली. सर्वांची जेवणं झाल्यावर त्या जेवायच्या, मग स्वतःची वाटी घासायच्या आणि ओट्यावर पालथी घालायच्या. वाटी पालथी पडली की स्वयंपाकघर बंद. नंतर कुणी भूक लागली म्हणून गेलं तर उपयोग नाही, हे आम्हा बेसमेंटवाल्यांना चांगलंच माहीत होतं.

ऑगस्टमध्ये काकूंनी जेवण सोडलं.

म्हणजे रागावून नाही. ताटावर बसायच्या, सगळ्यांना वाढायच्या आणि हात आवरून घ्यायच्या. काकांनी घास पुढे केला की तोंड वळवायच्या. "आत पंगत बसलीय अजून," त्या समजावणीच्या सुरात म्हणायच्या. "त्यांचं झाल्याशिवाय मी कशी जेवू?" आत म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नव्हती, कारण बोलताना त्या खिडकीतून माळाकडे बघत. डॉक्टर झाले, औषध झालं, मी कढी करून दिली. मुंबईवालीने तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला, त्या माउलीने पलीकडून आग्रह केला. काकूंनी तिला उलट विचारलं, तुमचं झालं का जेवण. तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. काका फोन नेहमी स्पीकरवर ठेवायचे.

"बाबा, धिस इज नॉट ओके. तीन दिवस? मी संडेला ड्राइव्ह करून येते आणि तिला घेऊन जाते. तुम्ही यायचं असेल तर या."

"ती जेवेल," काका म्हणाले.

"कशी? तुमच्या त्या दोऱ्यांनी?"

फोन संपल्यावर काका हात मांडीवर ठेवून बसले होते.

रविवारी दहा वाजता आम्ही नेहमीसारखे निघालो. सकाळी काकांनी स्वतः शिरा केला होता, काकूंना आवडतो म्हणून. काकूंनी तो चाखला नाही, पण त्या पाच वाट्यांपैकी एकीत भरून घेतला आणि पदराखाली धरून चालल्या. दुकान, अंगण, देवळी, स्वयंपाकघर. मग त्या बंद खोलीसमोर उभ्या राहिल्या. "मी वाढून येते," त्या म्हणाल्या.

काकांनी छत्री वर केली. मला वाटलं, आता 'भिंत' म्हणणार. ते म्हणाले नाहीत. छत्री तशीच हवेत राहिली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. एवढ्या दिवसांत ते काकूंहून वाळले होते. मग त्यांनी छत्री खाली घेतली आणि अगदी हळू म्हणाले, "अगं, पण या खोलीला दार कुठे आहे ते मला माहीत नाही."

"अहो, मागून आहे," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत यांना एवढंही कळू नये, असा तो स्वर होता.

त्या दोरीच्या कडेकडेने मागे गेल्या, पलीकडच्या बाजूला एका जागी वाकल्या आणि आत शिरल्या. आत गवत मांडीइतकं वाढलेलं. त्या खाली बसल्या आणि आम्हाला दिसेनाशा झाल्या. पण ऐकू येत होतं. "घ्या की अजून थोडं," काकू कुणाला तरी म्हणत होत्या. "संकोच करू नका. आहे भरपूर." मधेच हसल्या. गवत हलत नव्हतं. शेजारचा कुत्रा येऊन माझ्या पायाशी बसला होता आणि त्याचं शेपूट चालू होतं. मला पळून जावंसं वाटत होतं, पण काकांना तिथे एकटं सोडून कसं जाणार.

दहा मिनिटांनी काकू आल्या, त्याच वाटेने. हात रिकामे. अंगणात टाक्यापाशी वाकून हात धुतल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "मला भूक लागलीय." घरी जाऊन दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. दुपारी लेक आली तेव्हा त्या तिसरी पोळी मागत होत्या. लेक एकटीच परत गेली.

वाटी मात्र सापडली नाही. काका त्या दोरीच्या आत पाय ठेवायला तयार नव्हते, म्हणून मी गेले. अर्थात मागून, वाकून. गवत बाजूला करून हातांनी चाचपलं. दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटमधल्या एकाचा मेटल डिटेक्टर आणला. मी धातूंचीच विद्यार्थिनी, स्टीलची वाटी मला सापडू नये म्हणजे काय. दोन खिळे सापडले, बाटलीचं एक पत्र्याचं बूच सापडलं. शिऱ्याचा एक कणही नव्हता, तो मुंग्यांनी नेला म्हणावं. वाटी मुंग्या नेत नाहीत. संध्याकाळी काकांनी डाव्या पानावर लिहिलं: 'वाटी आत गेली. सापडली नाही.' उजवं पान कोरं ठेवलं.

काकू पूर्ण पानगळभर नीट जेवल्या. थंडीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि मग नेपरव्हिलला जावंच लागलं. तिथे दोऱ्या नव्हत्या. फेब्रुवारीत तिथल्या हॉस्पिटलमध्येच वारल्या. शेवटचे नऊ दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण गेला नाही. नर्स म्हणाली, असं होतं, शरीर नको म्हणतं. लेकीला ते पटलं. काकांना पटलं नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझं दुसरं काही ऐकून घेतलं नाही. "ती उपाशी गेली," ते म्हणाले. नंतर ती त्यांची सवयच झाली. टूरच्या वेळी जसं 'भिंत' म्हणायचे तसं आता कुठल्याही बोलण्याच्या मधे थांबून म्हणायचे, "उपाशी गेली." आणि येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचे, "तू जेवलीस का?"

घर विकलं, माळ विकला, काका लेकीकडे राहायला गेले. मला शॉमबर्गमध्ये नोकरी लागली. नेपरव्हिल तिथून जवळ, म्हणून शनिवारी मी काकांकडे जायचे. त्यांची नजर अधू झाली होती, त्यामुळे पत्रं आणि मेल वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. ट्युनिशियातलं ते घर आता नव्या तरुण पथकाने हातात घेतलं होतं. ते काकांच्या नकाशांवरून काम करत होते आणि अधूनमधून कौतुकाने काहीबाही विचारत. एकदा त्यांनी कळवलं, की अंगणाच्या तळाशी वाटी सापडली, नकाशात आहे तिथेच. काका खूश झाले. "तारखेची तळटीप वाचायला सांग त्यांना," म्हणाले.

त्यानंतर महिन्याभराने दुसरा मेल आला. शनिवारची दुपार होती, बाहेर बर्फ. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी आम्ही तिघं, काका, लेक आणि मी. मी वाचायला लागले आणि मधेच थांबले. लेकीने माझ्या हातातून फोन घेऊन पुढचं वाचलं.

त्यांनी ती बंद खोली उघडली होती. खोलीचं दार मागच्या भिंतीत निघालं. छत कोसळलं तेव्हाची कौलं जशीच्या तशी पडलेली होती, दोन हजार वर्षांत कुणी हलवलेली नव्हती. कौलांखाली भिंतीला लागून एक दगडी कट्टा होता. कट्ट्यावर स्टीलची वाटी होती, अंगणातल्या वाटीसारखीच, तीच अक्षरं. सोबत फोटो होता. 'कृपया स्पष्ट सांगा,' त्यांनी लिहिलं होतं, 'तुम्ही ही खोली कधी उघडली होती का? उघडली असेल, तर इथे सापडलेल्या कशावरच आम्हाला विश्वास ठेवता येणार नाही.'

ओट्यावरच्या जाळीत उरलेल्या चार वाट्या होत्या. मी त्या नजरेनेच मोजल्या, आणि परत मोजल्या.

"तिथल्या कुणीतरी ठेवली असणार, बाबा," लेक म्हणाली. "नाहीतर तुम्हीच उघडली होती असं सांगून टाका ना. जस्ट से येस. त्यांचंही काम सोपं होईल."

"आम्ही उघडली नव्हती."

"मग ते तुम्हाला खोटं समजतील. तुमचे सगळे नकाशे, सगळं काम."

"समजू देत." काका माझ्याकडे वळले. "लिही. खोली आम्ही उघडली नव्हती. वाटी आमची आहे. खाली माझं नाव घाल."

मी लिहिलं आणि पाठवलं. चौदा उन्हाळ्यांच्या कामावर आपण पाणी सोडतोय असं मला वाटत होतं. काका मात्र दुसऱ्याच विचारात होते. "तो फोटो बघ," ते म्हणाले. "वाटी कशी आहे?"

"पालथी आहे, काका."

"पडून उलटी झालीय, की ठेवलीय? घाई करू नकोस. नीट बघ."

मी फोटो मोठा केला. वर ढासळलेली कौलं, सगळीकडे माती, आणि कट्ट्याच्या बरोबर मधे ती वाटी, काठ सगळीकडून दगडाला टेकलेला. पुढच्या फोटोत त्यांनी ती उचलली होती. खाली दगडावर एक स्वच्छ गोल होता आणि वाटी आतून लख्ख होती. "ठेवलीय," मी म्हटलं. "घासून ठेवलीय."

लेकीने तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली आणि ती सिंककडे तोंड करून उभी राहिली. काकांनी डोळे मिटले. ते रडतील असं मला वाटलं, पण ते रडले नाहीत. टेबलावर बोटांनी काहीतरी मोजल्यासारखं करत राहिले. मग म्हणाले, "सगळ्यांचं झाल्यावर ती बसायची. आणि तिचं झाल्यावर घासून पालथी."

"हो, काका."

"म्हणजे जेवली."

त्यांनी मला कपाटातून शेवटची वही आणायला सांगितली. 'सापडली नाही' लिहिलेलं पान मी उघडलं आणि पेन घेऊन थांबले. त्यांना दिसत नव्हतं, पण मी का थांबले ते त्यांना कळलं.

"डाव्या पानावर," काका म्हणाले.